विठाबाई : नाचणारी की नटी?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या तोंडून पुढचे वाक्य ठरल्यासारखे येते : त्याच ना, ज्या खेळ चालू असताना राहुटीत बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या? घोटीत मराठीचे वर्ग घेताना मी हे अनेकदा पाहिले आहे. मुले इगतपुरी तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून येतात. नवबौद्धांची, मातंगांची, महादेव कोळ्यांची, ठाकरांची. त्यांतल्या बहुतेकांनी तमाशा पुस्तकात वाचलेला नाही, जत्रेत पाहिला आहे. तरीही विठाबाईंबद्दल त्यांना ठाऊक असते ते एवढेच. त्या रात्री वग कोणता होता, विठाबाई त्यात काय झाल्या होत्या, परत आल्यावर त्या कोणत्या प्रवेशात शिरल्या, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मुलांचा यात दोष नाही. ही हकीकत मी जेवढ्यांच्या तोंडून ऐकली त्यांपैकी एकालाही वगाचे नाव सांगता आलेले नाही. सांगणारा बदलला की गाव बदलते, साल बदलते. दगड तेवढा जागच्या जागी राहतो.

विठाबाई या नटी होत्या. गाऊन, बोलून, नाचून पात्र उभे करणाऱ्या संगीत रंगभूमीच्या नटी. आणि नटी म्हणून त्यांची समीक्षा मराठीत झालेली नाही. त्यांच्यावर हळहळ व्यक्त झाली, लेख आले, योगीराज बागुलांनी त्यांचे चरित्र लिहिले, शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार ठेवला. पण हळहळ म्हणजे समीक्षा नव्हे. प्रस्थापित समीक्षेने हे केले नाही याचे नवल वाटत नाही. आपणही ते केलेले नाही, आणि त्याची कारणे निराळी आहेत. त्यांकडे मी पुढे येणार आहे.

जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. घराणे नारायणगावचे, जिल्हा पुणे. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून तमाशा घरात. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजलेला. विठाबाई लहानपणी बोर्डावर आल्या आणि पुढे फडाचे नावच त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. अखेरचे दिवस हलाखीत गेले, औषधपाण्याला इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले, आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. चरित्राचा सांगाडा एवढाच. यात अभिनयाची पन्नास वर्षे कुठे आहेत?

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आपल्याला शिकवला जातो तो ३१ ऑक्टोबर १८८० पासून. त्या दिवशी अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल पुण्यात रंगभूमीवर आले. मग देवल, खाडिलकर, गडकरी; मग बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ. तमाशाचे प्रकरण वेगळ्या खंडात, ‘लोककला’ या मथळ्याखाली, वासुदेव-पोतराजाच्या शेजारी असते. परीक्षेत प्रश्नही वेगवेगळे येतात. आता ढोलकीफडाचा तमाशा म्हणजे काय ते पाहा. आधी गण, मग गवळण, मग बतावणी-रंगबाजी, आणि रात्र निम्मी सरली की वग. वगाला कथानक आहे, पात्रे आहेत, संघर्ष आहे, शेवट आहे. पात्रे बोलतात आणि गातात. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज यांची साथ आहे, मागे सुरत्ये पद उचलून धरतात. पात्रे गातात आणि बोलतात अशा नाटकाला संगीत नाटक म्हणायचे असेल, तर वगाला काय म्हणायचे? या वर्गीकरणाच्या मुळाशी कलेचे शास्त्र नाही. कोणत्या वाड्यातला माणूस गातो आणि कोणत्या वाड्यातला, यावरून हे खाते पडले आहे.

खाते कसे पडते ते दोन रात्री शेजारी ठेवून पाहता येते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. कंपनी किर्लोस्कर, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. वय अवघे बावीस. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असे इतरांना वाटत असताना ते रात्री उभे राहिले आणि नाटक झाले. ही हकीकत मराठी रंगभूमीच्या पुराणात अजरामर आहे आणि ती खरोखरच हृदय हलवणारी आहे. दुसरी रात्र विठाबाईंची.

एकाकडे मूल गेले, दुसरीकडे मूल आले. दोघांनीही चेहऱ्याला रंग लावलेला होता, दोघांसमोर वाट पाहणारे लोक होते, दोघांनीही खेळ थांबवला नाही. इथपर्यंत साम्य आहे. पण पहिल्या रात्रीची तारीख मला ठाऊक आहे. नाटक, लेखक, भूमिका, चाली बांधणारा माणूस, सारे ठाऊक आहे. दुसऱ्या रात्रीचे ठाऊक आहे ते शरीर. पहिल्या हकिकतीच्या भोवती बालगंधर्वांच्या कलेविषयी शेकडो पाने आहेत : त्यांची सिंधू कशी होती, रुक्मिणी कशी होती, तान कुठे घेत आणि कुठे घेत नसत, शालू कसा नेसत, पदर कसा सावरत, तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असल्याने गाण्याला काय लाभले. त्या पानांतले हे एक पान आहे. ते फाडून टाकले तरी बालगंधर्व उरतात. विठाबाईंच्या हकिकतीभोवती दुसरे पानच नाही. ती काढली तर सर्वसामान्य वाचकापुरत्या विठाबाई उरत नाहीत.

बालगंधर्वांना मी इथे छोटे करू पाहतो आहे असे कुणी समजू नये. १९५० पूर्वीच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका मी ऐकतो, त्यातली सुरांची आर्जवी लगट दुसऱ्या कुणाला साधलेली नाही असे माझे मत आहे. कर्जाचे डोंगर त्यांनीही वाहिले, म्हातारपणी हालही सोसले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. (त्यांच्या पडत्या काळात सोबत राहिली ती गोहरबाई कर्नाटकी. ती मुसलमान, गाणारणीच्या घरातली. म्हणून ऱ्हासाचे सगळे खापर तिच्या माथ्यावर फोडले गेले. गंधर्वांच्या घरात शिरलेल्या बाईचीही समीक्षा झाली नाही, चौकशी झाली.) माझे म्हणणे एवढेच की नटाच्या दुःखाची गोष्ट त्याच्या कलेला पुरवणी म्हणून सांगितली जाते, आणि मांगाच्या लेकीची कला तिच्या दुःखाला पुरवणी म्हणूनही सांगितली जात नाही.

हाक मारण्यातही हेच आहे. ते नारायणराव. त्या विठा. जुन्या पिढीतले सुशिक्षित गृहस्थ मोठ्या कौतुकाने बोलताना ‘विठानं काय नाच केला हो’ म्हणतात, त्यात प्रेम असते हे मी नाकारत नाही. पण वाक्यात क्रियापद कोणते आले ते ऐका. नाच केला.

आता वगातल्या नटीला काय काय करावे लागते ते मांडू, म्हणजे ‘नाचणारी’ या शब्दात काय बुडते ते कळेल. पूर्वीच्या वगाला पाठ करायची संहिता नसे. कथा ठरलेली, प्रवेशांचा क्रम ठरलेला, पदे बांधलेली. मधले बोलणे ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. सरदाराने काय टाकले, सोंगाड्याने त्याला कुठे फाटा फोडला, त्यातून कथेची दोरी हातची न सोडता आपल्या पात्राच्या तोंडी शोभेल असे उत्तर द्यायचे. पडदा नाही, देखावा नाही. बोर्डाला एक फेरी मारली की वाड्याचे रान होते आणि दुसऱ्या फेरीला रानाचा दरबार होतो. ही जागा प्रेक्षकाला दिसते ती नटाच्या चालण्यातून आणि नजरेतून, दुसरे साधनच नाही. जी बाई तासाभरापूर्वी गवळण होऊन मावशीबरोबर थट्टा करीत होती, तीच आता राणी किंवा लेकराला मुकलेली आई. मधे विंगेत जाऊन भूमिकेत शिरायला वेळ नाही. रंगबाजीत कुणी पाच रुपये धरले की थांबायचे, देणाऱ्याचे नाव पुकारायचे आणि लगेच मूळ जागी यायचे. संगीत नाटकात वन्स मोअर आला की भामिनीही थांबत असे आणि पद पुन्हा गात असे. त्याने नाट्याचा रसभंग होतो की रस वाढतो यावर विद्वानांनी वाद घातले. तिकडे त्याला रसिकता म्हणतात, इकडे चवचालपणा. नटाला करावे लागणारे काम मात्र दोन्हीकडे सारखेच आहे : मोडलेला क्षण पुन्हा सांधायचा.

हे लिहिले गेलेले नाही म्हणून ते पाहणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. घोटीत भातगिरण्यांवर आयुष्यभर पोती वाहिलेले एक वृद्ध हमाल माझ्या ओळखीचे आहेत. तमाशाचा विषय काढला की ते वगच सांगतात, बाई सांगत नाहीत. त्यांच्या बोलण्यात एक पूर्ण समीक्षाशास्त्र आहे. ‘आवाज कनातीपातुर गेला पायजे, पन वरडून न्हाई.’ ‘ढोलकीवाला तिच्याकडं बघत असंल तर खेळ चांगला, ती ढोलकीवाल्याकडं बघत असंल तर कच्ची.’ ‘सोंगाड्या हसवतो, त्यात काय, पन त्यानं हसवल्यावर लगेच रडवायचं तिला.’ पल्लेदार आवाज, सांभाळून घेणे, वग उभा करणे, वग पडू देणे. हे शब्द आमच्या नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाहीत. विठाबाईंच्या त्या रात्रीची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी ऐकून घेतली, तंबाखू मळली आणि विचारले, ‘मग वग पुरा झाला का?’ हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता.

पांढरपेशा समीक्षेला तमाशा अगदीच दिसला नाही असेही नाही. तिला तो नाटकगृहात आल्यावर दिसला. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली, मग ती सैल करून अटी घातल्या, संहिता तपासून परवाने देण्याची पद्धत आली. ‘तमाशा’ शब्दाला डाग लागला तेव्हा ‘लोकनाट्य’ हा शब्द वर आला. अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ च्या लाल बावटा कलापथकापासून तमाशाचा साचा कामगारांच्या लढ्यासाठी वाकवला होता, गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना नमन केले होते. ते लोकनाट्य निराळे. पुढे शहरात आले ते १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’सारखे. वसंत सबनीसांचे लेखन चतुर आहे, दादा कोंडक्यांची हजरजबाबी तर विलक्षणच. पण त्यावर वर्तमानपत्रांत परीक्षणे आली, मुक्तनाट्य म्हणून त्याची तांत्रिक चर्चा झाली, ब्रेख्तचे नाव निघाले. ज्या फडांतून ही फेरी मारण्याची, प्रेक्षकाशी मधेच बोलण्याची, सोंग सोडून पुन्हा सोंगात शिरण्याची रीत उचलली, ते फड त्याच वर्षी त्याच महाराष्ट्रात रात्रभर खेळ करीत होते. त्यांचे परीक्षण कुणी लिहिले? जत्रेच्या बातमीत फडाचे नाव आले तर आले, नाहीतर दंगल झाली म्हणून.

आता आपल्याकडे येऊ. हा भाग लिहिताना हात थोडा जड होतो, पण या पानांवर तो लिहायचा नाही तर कुठे लिहायचा?

१६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, जोगतिणींपुढे बोलले आणि ते जिणे सोडून देण्यास त्यांनी स्पष्ट शब्दांत बजावले. पठ्ठे बापूराव पवळाबाईंबरोबर केलेल्या खेळांचे पैसे चळवळीला द्यायला आले तेव्हा आपल्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून त्यांनी तो नाकारला, ही हकीकतही आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती ऐकतच मी वाढलो. आमच्या घरात तमाशाचे नाव काढायची सोय नव्हती. जत्रेला जायचे तर रेवडी घेऊन दिवस मावळायच्या आत परत. आईचे ते धोरण मला आजही बरोबर वाटते. बाईचे शरीर हा गावाचा हक्क मानणाऱ्या व्यवस्थेतून बाहेर पडायचे होते, तिथे कलेचे कौतुक करीत बसणे परवडणारे नव्हते.

याच काळात नाशिक जिल्ह्यातच भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे त्यांचे १९७८ चे पुस्तक प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असायला हवे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या दिवसांत सभेला न येणारा माणूस जलशाला येत होता. कर्डकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातली शृंगारिक गवळण काढून टाकली, नमन बदलले, वगात सावकार-भट-पाटील यांच्याविरुद्धचे कथानक आणले. मराठी राजकीय रंगभूमीचा हा मोठा अध्याय आहे. पण त्यात बाईची कामे पुरुष करीत. कारण समजण्यासारखे आहे. बाई बोर्डावर आली की लोक तिच्याकडे जुन्या नजरेने पाहणार, आणि तीच नजर मोडायची होती. परिणाम काय झाला तोही पाहिला पाहिजे. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर स्त्रीचे काम पुरुष करीत होता, अब्रूसाठी. आपल्या जलशात स्त्रीचे काम पुरुष करीत होता, तेही अब्रूसाठी. स्वतःच्या आवाजाने आणि स्वतःच्या अंगाने बाई जिथे पात्र म्हणून उभी होती तो बोर्ड फक्त तमाशाचा, आणि त्याला दोन्हीकडून पाठ केली गेली. १९३१ साली ‘संत कान्होपात्रा’ नाटकात गणिकेची मुलगी बालगंधर्वांनी उभी केली. तिला लोकांनी हात जोडले. पवळाबाई महाराची लेक होती, मुरळी म्हणून खंडोबाला वाहिलेली. तिच्या पुढे हात जोडणारे प्रेक्षक मला कोणत्याही आठवणीत भेटलेले नाहीत.

पवळाबाईंचे हिवरगाव पावसा संगमनेर तालुक्यात, नाशिक-पुणे रस्त्यावर. घोटीहून सिन्नरला जाणारा रस्ता या रस्त्याला मिळतो. सिन्नर तालुक्यात वामनदादा कर्डकांचे देशवंडी, पुढे संगमनेर, त्याच्या पुढे नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात, इसार देतात, आणि मग फडांच्या गाड्या याच रस्त्याने आमच्या जिल्ह्याकडे येतात. आपल्या एका जलशाचा, एका गीतकाराचा, एका पवळेचा आणि एका विठाबाईंचा मुलूख दिवसभरात पाहून होईल इतका जवळ आहे. त्यातली पहिली दोन नावे आपण अभ्यासली, आणि ते योग्यच झाले. पुढची दोन आपण दुसऱ्यांवर सोपवली.

सोडणे आणि विसरणे या दोन गोष्टी आहेत. गावकीचे काम म्हणून हलगी वाजवणे आपण सोडले. तीच हलगी पुढे आपल्या मोर्चात आणि जयंतीत आली, आणि ती आणणाऱ्याला कुणी गावकीत परत गेला असे म्हटले नाही. कडूबाई खरात, शीतल साठे यांच्या आवाजाने बाई गाणारी म्हणून चळवळीत मानाने आली. नटी अजून यायची आहे. बाबासाहेबांनी नाकारले ते बाईला विकायला लावणारे जिणे. तिच्या अंगी कसब नव्हते असे त्यांनी कुठे म्हटले आहे? ज्या कसबाला बाजाराने शरीराच्या भावात विकले, त्या कसबाची किंमत कसब म्हणून आपण करायला नको?

शर्मिला रेगे यांनी लावणी करणाऱ्या स्त्रियांच्या शोषणावर जातीच्या अंगाने लिहिले, तेव्हा ही चर्चा विद्यापीठात प्रथम गंभीरपणे आली. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या ग्रंथात अश्लील, अस्सल आणि माणुसकी या शब्दांभोवती तमाशातल्या दलित स्त्रीचे सबंध शतक उलगडले. पवळाबाईंना त्यात बापूरावांच्या सावलीतून बाहेर काढले आहे. रुस्तुम अचलखांब तर तमाशाच्या घरातलेच; त्यांच्या ‘तमाशा लोकरंगभूमी’ने आकृतिबंधाचे शास्त्र सांगितले. ही कामे पायाची आहेत. त्यांच्यावर उभी राहील अशी भिंत अजून नाही. समाजशास्त्र ही बाई कोणत्या व्यवस्थेत उभी होती ते सांगते. ती उभी राहिल्यावर तिने काय केले हे सांगायचे काम साहित्य-नाट्य शिकवणाऱ्यांचे, म्हणजे आपल्या धंद्याचे.

अडचणी खोट्या नाहीत. गेल्या वर्षी मी वर्गाला काम दिले : घरातल्या किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसाने पाहिलेला एक वग, कथानकासह लिहून आणा. एक मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, ‘सर, मला दुसरा विषय द्या. आमच्या आजीचं नाव घरात काढत नाहीत.’ मी दुसरा विषय दिला, कारण विचारले नाही. ज्या घराने एक नाव गाडून दोन पिढ्या शिकवल्या त्या घराला ‘तुमची आजी थोर कलावंत होती’ असे बाहेरच्याने सांगणे सोपे आहे. ते सांगण्याचा हक्क समीक्षेने अजून मिळवलेला नाही.

दुसरी गोष्ट नावाची. फडाच्या पाटीवर ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ असे जातीसकट रंगवलेले असे. आपल्यातली शिकलेली माणसे नोकरीच्या गावी आडनाव बदलत होती त्या दिवसांत ही पाटी ट्रकवर लावून फड महाराष्ट्रभर हिंडत होता. तो निव्वळ अभिमान होता असे मी म्हणणार नाही. जातीवरून फडाची खात्री पटवण्याचा तो बाजाराचा शिक्काही होता. २००६ पासून शासन तमाशातल्या ज्येष्ठांना जो जीवनगौरव पुरस्कार देते तो ‘विठाबाई नारायणगावकर’ या नावाचा आहे. मांग गेले, गाव राहिले. हे बरे झाले की वाईट, मला अजून ठरवता आलेले नाही. पहिला पुरस्कार कांताबाई सातारकरांना मिळाला. त्या वगात पुरुषांच्या भूमिकाही करीत. बालगंधर्वांच्या पातळावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या मराठीने कांताबाईंच्या फेट्यावर किती लिहिले? २०२१ साली करोनाच्या साथीत त्या गेल्या. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि चालवला, म्हणजे ही परंपरा पुराणवस्तू झालेली नाही. खेळ होतो आहे तोवर तो पाहून लिहिता येतो.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. विठाबाईंचा खेळ पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना दगडाविषयी विचारू नये. कोणता वग, कुठल्या जत्रेत, बाईंचे काम काय होते, पहिल्यांदा बोर्डावर आल्या तेव्हा तोंड कुणीकडे होते, कोणत्या जागी लोक गप्प झाले, कुठे हसले, ढोलकी कुठे थांबली, हे विचारावे. मुलांनी आणावे, शिक्षकांनी ताडून पाहावे, दोन साक्षी जुळत नसतील तर दोन्ही लिहाव्यात. फडातल्या कुणाकडे पदांची वही असेल तर तिची नक्कल मागावी. मूळ वही मागू नये, ती त्यांची आहे.

वर्गाने आणलेल्या कामांतले कामाचे म्हणावे असे दोनच कागद निघाले. एक जुन्या ऐतिहासिक वगाचा, अर्धवट. दुसऱ्यात एका सामाजिक वगातले पाटलाचे सोंग आठ पानांवर आहे. चालणे, खाकरणे, काठी कोणत्या हातात, सगळे आहे. पाटलाची बायको शेवटच्या प्रवेशात त्याच्याशी भांडते आणि घर सोडून जाते, तेव्हा सगळी जत्रा उठून उभी राहिली असे म्हाताऱ्याने सांगितलेले मुलाने लिहून घेतले आहे. बायकोचे काम कुणी केले, ते लिहिलेले नाही. ते विचारायला मुलगा पुन्हा गेला आहे.